संवादिनीपटू गोविंदराव टेंबे

पेटी पाहिली नाही असा विद्यार्थी आपल्या खानदेशात शोधूनही सापडावयाचा नाही. जळगावच्या भजनी मंडळात, धुळ्याच्या कीर्तनमंदिरात, गावोगावच्या वहीगायनात आणि तमाशाच्या फडात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि ख्रिस्ती उपासनामंदिरातही ती भेटते. एका माणसाने काखेत मारावी, बैलगाडीत वा आगगाडीच्या बाकाखाली ठेवावी, मुक्कामी पोहोचताच सतरंजीवर मांडावी आणि दोन क्षणांत स्वर धरावा, अशी तिची सोय आहे. अलीकडे आपल्या तरुणांस गिटारचा नाद लागला आहे. विजेवर चालणारी गिटार, तिचा ध्वनिवर्धक, पायांनी दाबावयाच्या खटक्यांच्या पेट्या आणि तारांची भेंडोळी घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी कार्यक्रमास कसे जावे, त्यांतील काय न्यावे व काय घरी ठेवावे, हा त्यांच्यापुढील नित्याचा प्रश्न असतो. प्रश्न नवा दिसला तरी तो फार जुना आहे. फिरत्या कलावंतास आपले वाद्य आटोपशीर हवे असते, आणि वाद्य आटोपशीर करावयाचे म्हणजे त्यातील कशावर तरी पाणी सोडावे लागते. महाराष्ट्रात हा व्यवहार ज्यांनी आयुष्यभर डोळसपणे केला, आणि काय गमावले व काय मिळविले ह्याचा चोख हिशेब ज्यांच्या बोटांत होता, अशा एका कलावंताचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

गोविंद सदाशिव टेंबे ह्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे ह्या गावी झाला. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी त्यांच्याहून एकच वर्षाने वडील. एकीला जात्याच्या घरघरीखेरीज दुसरे वाद्य ठाऊक नव्हते, आणि दुसऱ्याने परदेशातून आलेल्या एका यंत्रास मराठी गळ्याची लकब शिकविली. काळ मात्र दोघांचाही एकच होता.

तो काळ संगीताच्या दृष्टीने मोठ्या भाग्याचा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्यास होऊन गेला होता आणि संगीत नाटकाने महाराष्ट्रास वेड लावले होते. कोल्हापुरास १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. त्यांच्या आश्रयाने उत्तर हिंदुस्थानातील अल्लादियाखाँसारखे थोर गवई करवीर नगरीत येऊन राहिले. १८८३ च्या सुमारास स्थापन झालेला गायन समाज, जो पुढे देवल क्लब ह्या नावाने ओळखला जाऊ लागला, तो तर गाण्याचे माहेरघरच होता. गावात येणारा प्रत्येक गवई तेथे गाऊन जाई. तरुण गोविंदरावांची खरी शाळा ती. गंडा बांधून, वर्षानुवर्षे गुरुगृही राबून विद्या मिळवावी ही तत्कालीन रीत. गोविंदरावांच्या बाबतीत ती तशी घडली नाही. ते प्रथम शिकले ते बहुतांशी कानांनी. एखादी तान कोठून उठली, कोणत्या स्वरावर क्षणभर विसावली आणि समेवर कशी येऊन पडली हे ते बैठकीत बसून टिपीत, आणि घरी येऊन पेटीवर काढून पाहत.

ह्या ठिकाणी पेटीविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण ते कळल्यावाचून गोविंदरावांचे मोठेपण कळावयाचे नाही.

हार्मोनियम हे वाद्य मूळचे फ्रान्सचे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास त्याचे हक्क आपल्या नावे नोंदविले. युरोपातील प्रार्थनामंदिरांत नळ्यांचा प्रचंड ऑर्गन असे. तो लहान गावांस परवडत नसे व हलविताही येत नसे. त्याच्या जागी हे लहान वाद्य आले. मिशनरी मंडळींबरोबर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या बिऱ्हाडांबरोबर ते हिंदुस्थानात उतरले. त्या वेळी ते मेजाएवढे उंच असे, वाजविणारा खुर्चीवर बसे, दोन्ही पायांनी भाता हाणी आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबी. आपल्याकडे त्यास पायपेटी हे नाव पडले. आपले गाणे मात्र जमिनीवर बसून व्हावयाचे. गवई बैठकीवर आणि पेटीवाला खुर्चीवर, हे दृश्य विजोड दिसे. शिवाय ती जड पायपेटी बैलगाडीतून नेणे म्हणजे एक दिव्यच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांच्या द्वारकिन नावाच्या कारखान्याने तिचे पाय काढून टाकले, भाता पाठीमागे बसविला आणि डाव्या हाताने तो हलवावा अशी योजना केली. हीच आपली हातपेटी. पुढे तिची घडण ठिकठिकाणी होऊ लागली, आणि तिच्यात बसवावयाच्या पितळी सुरांसाठी काठेवाडातील पालीताणा हे गाव प्रसिद्धीस आले.

तिची आतील रचना साधी आहे. पितळेच्या चौकटीत एक पातळ पितळी जीभ एका टोकास रिव्हेटने घट्ट बसविलेली असते. ह्यासच कारागीर सूर म्हणतात. पट्टी दाबली की खालचे छिद्र उघडते, भात्यातील वारा त्या जिभेस थरथरवून बाहेर पडतो आणि स्वर निघतो. जीभ लांब असेल तर स्वर खालचा, आखूड असेल तर वरचा. स्वर किंचित चढवावयाचा असेल तर कारागीर जिभेचे मोकळे टोक कानशीने घासून हलके करतो. उतरवावयाचा असेल तर बुडाशी घासतो. बहुधा खर्ज आणि नर अशा सुरांच्या दोन ओळी असतात, म्हणजे एकच पट्टी दाबली असता दोन सप्तकांतील स्वर एकदम बोलतो व नाद भरदार होतो. भाता बाहेरून एक दिसला तरी आत दुसरा, स्प्रिंगने ताणलेला, साठ्याचा भाता असतो. त्यामुळे हात क्षणभर थांबला तरी स्वर तुटत नाही. साधारणतः तीन ते साडेतीन सप्तकांचा हा सारा संसार एका लहानशा ट्रंकेएवढ्या जागेत मावतो.

आता नफ्यातोट्याचा हिशेब पाहा. पायपेटीची हातपेटी करताना वादकाने आपला डावा हात गमावला. युरोपीय संगीतात हा तोटा असह्य झाला असता, कारण तेथे अनेक स्वर एकत्र वाजवून त्यांचा मेळ साधावयाचा असतो आणि त्याकरिता दोन्ही हात लागतात. आपल्या रागदारीत एका वेळी एकच स्वर चालावयाचा, म्हणून आपल्याला उजवा हात पुरला. कलकत्त्याच्या कारागिरास आपल्या संगीताचे मर्म कळले होते म्हणूनच हे साधले असे आम्हांस वाटते. जे आपल्याला नको होते तेच नेमके त्याने कापून टाकले. प्रवासासाठी वाद्य लहान करू पाहणाऱ्या कोणासही ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. मिळकतही मोठी होती. तंबोऱ्याचा भोपळा गाडीच्या हिसक्याने तडकतो, पावसाळी हवेत त्याच्या तारा उतरतात; सारंगीची कातडी दमट झाली म्हणजे आवाज बसतो. पेटी सकाळी ज्या स्वरात असे त्याच स्वरात रात्रीही असे. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात, कनातीच्या नाट्यगृहात, शेवटच्या रांगेपर्यंत तिचा आवाज पोहोचे. आपला स्वर सांगण्याची एक सार्वत्रिक भाषाही तिने दिली. काळी एक, काळी दोन, पांढरी चार ही गवयांची बोली पेटीच्या पट्ट्यांवरूनच आली. आता धुळ्याचा गवई आणि मिरजेचा तबलजी आधी कधी भेटले नसतील तरी दोन शब्दांत त्यांचा मेळ बसू लागला.

परंतु दुसरीकडे दोन उणिवा राहिल्या, आणि त्या लहान नव्हत्या. पहिली उणीव मिंडेची. गळा किंवा सारंगी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, मधल्या सर्व जागा स्पर्शित जाते. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही; पायरीवरून पायरीवर उडी मारणे एवढेच तिला ठाऊक. दुसरी उणीव स्वरांच्या मापाची. कारखान्यात सप्तकाचे १२ सारखे भाग पाडून पेटी मिळवितात. ह्यामुळे कोणत्याही पट्टीस षड्ज मानून वाजविता येते खरे, परंतु निसर्गसिद्ध स्वरांशी त्यांचा पुरता मेळ राहात नाही. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे पडताळून पाहावे. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरली तर शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा हवा. पेटीचा गंधार ३०२.४ कंपनांचा येतो, म्हणजे स्पष्ट चढा. पंचम ३६० हवा, तो ३५९.६ येतो, हा फरक सहसा कोणाच्या कानास कळावयाचा नाही. तंबोऱ्याच्या जोडीतील खर्जाची तार झंकारत असताना तिच्यातूनच शुद्ध गंधार आपोआप उमटतो. त्याच वेळी पेटीचा गंधार दाबला की दोन स्वर एकमेकांवर घासू लागतात. हा दोष दूर करण्यासाठी सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी श्रुतींची मापे घेऊन १९१० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमेंट्स नावाच्या न्यायखात्यातील इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने लंडनच्या कारागिरांकडून २२ श्रुतींची पेटीही घडविली गेली. ती विद्वानांच्या चर्चेत गाजली, बैठकीत रुळली नाही. वाद्य अचूक झाले, पण इतके गुंतागुंतीचे झाले की चालत्या गाण्याबरोबर ते कोणी वाजवावे?

गोविंदरावांनी ह्या उणिवांवर कारखान्यात उपाय शोधला नाही. पेटी आहे तशीच त्यांनी स्वीकारली आणि उपाय आपल्या दोन हातांत शोधला. डावा हात म्हणजे केवळ वारा भरणारा गडी असे बहुतेक पेटीवाले समजत. गोविंदरावांच्या परंपरेने शिकविले ते असे की डावा हात हा गायकाचा श्वास आहे. भात्याचा दाब किंचित कमी केला असता स्वर मावळतो, वाढविला असता उमलतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पहिला मावळत असतानाच दुसरा अलगद उगवला तर कानास मध्ये खंड पडल्याचे भासत नाही. उजव्या हाताची बोटे पट्टीवरून उचलून आपटण्याऐवजी तिला चिकटून सरकली, शेजारच्या स्वराचा निसटता कण लावून मग मुख्य स्वरावर आली, तर मिंडेचा भास निर्माण होतो. हा भासच आहे, मिंड नव्हे, हे जाणूनच तो करावयाचा असतो. चढा गंधार नको तेथे त्यावर रेंगाळावयाचे नाही, गवई तेथे थांबला असता पेटीने मागे सरून तंबोऱ्यास वाव द्यावयाचा, हाही त्याच विवेकाचा भाग. उत्तम साथ म्हणजे सतत वाजविणे नव्हे.

ही समज त्यांस कोठून आली? तिचे श्रेय मुख्यतः भास्करबुवा बखले ह्यांस दिले पाहिजे. बुवा १८६९ मध्ये सुरतेजवळील कठोर गावी जन्मले. फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांची तालीम त्यांनी घेतली होती. गोविंदराव त्यांच्या गाण्यास पेटीची साथ करू लागले आणि साथ करता करता शिष्य झाले. साथीदारास गवयाच्या मनात पुढे काय यावयाचे आहे ह्याचा अंदाज क्षणभर आधी यावा लागतो. बुवांसारख्या चतुरस्र गवयामागे बसून हा अंदाज बांधणे ह्याहून कठोर परीक्षा नाही. अल्लादियाखाँपुढे ते रीतसर शिकावयास बसले नव्हते, तरी खाँसाहेबांस ते आपले गुरू मानीत आणि पुढे त्यांचे चरित्रही त्यांनी मराठीत लिहिले. अशा सहवासातून त्यांचे वादन इतके परिपक्व झाले की ज्या पेटीस लोक गाण्यामागची टेकू देणारी काठी समजत, ती एकटी ऐकण्यास श्रोते जमू लागले. पेटीचे स्वतंत्र वादन ही मैफलीची गोष्ट होऊ शकते हे महाराष्ट्रास पटविणाऱ्यांत गोविंदराव अग्रभागी होते.

आता नाटकाकडे वळू. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे मानापमान हे नाटक रंगभूमीवर आणावयाचे ठरविले. पदांच्या चाली देण्याचे काम तिशीतील गोविंदरावांकडे आले. तोपर्यंत नाट्यपदांच्या चाली साकी, दिंडी, लावणी, कानडी गीते आणि परिचित राग ह्यांच्या वळणाच्या असत. गोविंदरावांनी पूर्वेकडील ठुमरी, होरी, कजरी, गझल ह्या गायनप्रकारांचा रंग त्यांत आणला. वाराणसी-लखनौकडील हा शृंगारिक, लाडिक बाज मराठी शब्दांस कितपत मानवेल अशी शंका घेण्यास जागा होती. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस पहिला प्रयोग झाला आणि शंका मिटली. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती. त्याच दिवशी त्यांचे तान्हे मूल दगावले होते, तरी प्रयोग रद्द होऊ न देता ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

बालगंधर्वांचे नाव निघाले म्हणून आपल्या जिल्ह्याचा एक दुवा येथे नोंदविला पाहिजे. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा बालपणी जळगावी नातलगांकडे राहात होता आणि मेहबूबखाँ नावाच्या उस्तादांकडे त्यास गाण्याचे पहिले धडे मिळाले ते जळगावातच. ज्या गळ्याने गोविंदरावांच्या चाली घरोघर पोहोचविल्या त्या गळ्यास पहिले वळण खानदेशच्या मातीत लागले, ह्याचा आम्हांस अभिमान वाटला तर तो वावगा नव्हे.

चाली बांधणे आणि नटास त्या शिकविणे हे काम पेटीवरच होई. आज संगीतकाराजवळ ध्वनिमुद्रणाची साधने खिशात असतात. त्या वेळी चालीची एकमेव प्रत म्हणजे संगीतकाराची स्मृती, आणि ती दुसऱ्यास देण्याचे साधन पेटी. मंडळी ज्या गावी असेल त्या गावी, बिऱ्हाडाच्या माडीवर, सकाळी पेटी उघडून तालीम व्हावयाची. नाटक मंडळ्यांचे जीवन हे सतत प्रवासाचे असे. आपल्याकडे १९०० साली चाळीसगावाहून धुळ्यास आणि जळगावाहून अमळनेर-नंदुरबारमार्गे सुरतेस आगगाडी झाली, त्यामुळे खानदेशची गावे ह्या फिरत्या कलावंतांस जवळची झाली. पडदे, कपड्यांच्या पेटारे, दिवे, स्वयंपाकाची भांडी ह्यांचे डबेच्या डबे भरत. ह्या अवाढव्य पसाऱ्यात नाटकाचा जीव जे गाणे, त्याचे साधन मात्र एका हमालाच्या डोक्यावर मावे. पुढे गंधर्व मंडळीच्या वैभवाच्या दिवसांत रंगमंचासमोर पायांनी चालवावयाचा ऑर्गन, सारंगी व तबला असा भारी साज आला. त्याची गोडी अवीट होती, खर्चही तसाच होता. मंडळीस पुढे जे कर्ज झाले त्याची कारणे अनेक. परंतु वैभव अंगावर घेऊन गावोगाव फिरणे महाग पडते हे त्यांतील एक होय.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तिघेही भागीदार. गुण तिघांतही होते, पण तीन गुणवंतांचा संसार नेहमीच सुखाचा होतो असे नाही. दोनतीन वर्षांतच गोविंदराव निघाले आणि त्यांनी शिवराज नावाची स्वतःची मंडळी काढली. त्यांनी नाटके लिहिली, चाली दिल्या, स्वतः भूमिका केल्या. तथापि मंडळी दीर्घकाळ टिकली नाही. मालकाच्या ठिकाणी जी व्यवहाराची कठोरता लागते ती त्यांच्या स्वभावात नसावी. मानापमानाचे भाग्य मात्र वाढतच गेले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नायकांनी एकत्र येऊन त्याचा संयुक्त प्रयोग केला. चाली गोविंदरावांच्याच होत्या.

पन्नाशी उलटल्यावर बहुतेक माणसे आवराआवर करू लागतात. गोविंदरावांपुढे ह्याच वयात एक सर्वस्वी नवे क्षेत्र उघडले. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३२ साली अयोध्येचा राजा हा मराठीतील पहिला बोलपट व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखाली काढला. त्यात हरिश्चंद्र राजाची भूमिका गोविंदरावांनी केली, तारामती दुर्गा खोटे होत्या, आणि संगीतही गोविंदरावांचेच. तेव्हा गाणे आधी मुद्रित करून नंतर ओठ हलविण्याची युक्ती आपल्याकडे आली नव्हती. नटाने चित्रण चालू असतानाच गावे, वादकांनी चित्रचौकटीच्या बाहेर, जेथे जागा सापडेल तेथे दडून साथ करावी, आणि एकाच ध्वनिग्राहकाने दोहोंचे आवाज टिपावे, अशी ती कसरत होती. अशा कामी लहान, स्थिर स्वराचे आणि दिव्यांच्या धगीने न उतरणारे वाद्य किती मोलाचे ठरले असेल ह्याची कल्पना सहज करता येईल. त्याच वर्षी मायामच्छिंद्र आणि पुढील वर्षी सिंहगड व सैरंध्री हे प्रभातचे बोलपट आले; त्यांचेही संगीत त्यांचे होते.

ह्या यशाच्या पाठोपाठ त्यांच्या वाद्यावर मात्र एक मोठा प्रसंग गुदरला. पेटी परकी आहे, तिचे स्वर बेसूर आहेत, तिच्यात मिंड नाही आणि तिच्या आधाराने गवयांचे कान आळशी होत आहेत, अशी तक्रार आनंद कुमारस्वामींसारखे विद्वान पूर्वीपासून करीत होते. रवींद्रनाथ ठाकुरांस ती मुळीच खपत नसे, पंडित जवाहरलाल नेहरूंचाही तिच्याविषयी प्रतिकूल ग्रह होता, आणि दिल्लीच्या नभोवाणीवरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फाउल्ड्स ह्यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवर पेटी वाजविण्यास बंदी केली. वर्षानुवर्षे जिच्या साथीने गवई गात आले, ती पेटी रेडिओच्या दारातच थांबविली गेली. पेटीवाल्यांस उपजीविकेचे एक नवे साधन मिळण्याआधीच गेले.

ह्या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता? आक्षेप खोटे नव्हते. वर दिलेले गंधाराचे गणित कोणास नाकारता येणार नाही. कच्च्या गवयाने पेटीवर भार टाकून आपला स्वर कधीच पक्का केला नाही, असेही पुष्कळ घडले. परंतु आक्षेप घेणारे पेटी मोजीत होते, पेटीवाल्यास ऐकत नव्हते. तीच पेटी भास्करबुवांच्या बैठकीत गोविंदरावांच्या हाती असता कशी बोले, आणि एखाद्या नवशिक्याच्या हाती कशी कोकलते, ह्यांतील अंतर बंदीच्या हुकुमात कोठेच नव्हते. शिवाय ज्यांस सारंगिया ठेवण्याची ऐपत नाही अशा खेड्यातील भजनकऱ्यास, कीर्तनकारास आणि शाळेस पेटीने स्वर मिळवून दिला, ही गोष्ट दिल्लीच्या कचेरीतून दिसण्यासारखी नव्हती. आम्हांस तर बंदी घालण्यापेक्षा उत्तम वादकांची पारख करणे अधिक शहाणपणाचे झाले असते असे वाटते. आणि पुढे झालेही तसेच.

गोविंदराव ह्या प्रसंगाने हातपाय गाळून बसले नाहीत. त्यांची सर्जनशक्ती केवळ पट्ट्यांवर अवलंबून नव्हती. माझा संगीत व्यासंग आणि माझा जीवनविहार ही त्यांची पुस्तके मराठी वाङ्मयात आपले स्थान राखून आहेत. अनेक जुन्या गवयांचा थाट, त्यांचे स्वभाव आणि त्यांच्या गाण्यातील खुब्या आज आपल्याला कळतात त्या अशा लेखनामुळे. गवई लिहीत नाही आणि लेखक गात नाही, ही आपल्याकडील नेहमीची अडचण. गोविंदराव दोन्ही करीत. उतारवयात त्यांनी महाश्वेता, जयदेव अशा संगीतिका रचल्या; अथपासून इतिपर्यंत गाण्यातूनच कथा सांगणारा हा प्रकार मराठीत तेव्हा नवीन होता. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

रेडिओची बंदी त्यांच्या हयातीत उठली नाही. १९७० मध्ये दिल्लीस ह्या प्रश्नावर तज्ज्ञांचा परिसंवाद झाला, आणि १९७१ पासून निवडक मान्यवर कलावंतांच्या साथीस पेटी वाजविण्याची मुभा क्रमाने मिळू लागली. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर ह्यांसारख्या वादकांनी ती पुन्हा मानाने वाजविली. गोव्यात जन्मलेल्या बोरकरांनी तर स्वतंत्र पेटीवादनास आयुष्य वाहिले. गाणारे आणि वाजविणारे आज कारागिराकडून आपल्या गळ्यास हवे तसे सूर घासून घेतात. प्रवासासाठी घडीची पेटी करवून घेतात, जिचा पट्ट्यांचा वरचा भाग खटका दाबताच खाली खोक्यात उतरतो आणि झाकण लावले की हातात धरावयाची बॅग होते. पुरुष गायकासाठी काळी एक किंवा दोन, स्त्री गायिकेसाठी काळी चार किंवा पाच, हा साथीदाराचा पहिला प्रश्न अजूनही तसाच आहे.